आयसिंग सुकलं की रेघ बसते

४ ऑक्टोबर

आजपासून रोजनिशी. संकल्प : रोज लिहायचं, थोडक्यात लिहायचं आणि खरं तेच लिहायचं. हे कुणी वाचणार नाही, त्यामुळे बढाई मारायचं कारण नाही.

काल सूनबाई जिन्यावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर पार कोपरापर्यंत. वाईट झालं.

सूनबाई घरीच साखरेच्या कुकीज करते आणि त्यांवर रंगीत आयसिंगने चित्रं काढते. वाढदिवसाला बदकं, कुणी निवृत्त झालं तर घड्याळं, वसंतात फुलं, थंडीत बर्फाचे कण. मागच्या खोलीत जिथे माझे रंगाचे डबे असायचे, तिथे आता तिचा ओव्हन आणि टेबल. चार वर्षं पोरगी पाठ मोडेपर्यंत वाकून बसते. आता कुठे दिवस पालटत होते. चौकातल्या केकच्या दुकानवाल्या बाईंनी तिला लग्नाची ऑर्डर दिलीय. चार ऋतूंच्या कुकीज. १ नोव्हेंबरला दुपारी द्यायच्या. काम पसंत पडलं तर दुकानात काचेमागचा कोपरा सूनबाईचा. नाही पडलं तर दुसऱ्या कुणाचा.

दवाखान्यात ती रडली नाही. घरी येऊन रिकामे ट्रे बघितले आणि रडली.

मी म्हटलं, रडतेस कशाला, मी आहे ना. उभं आयुष्य दुकानांच्या पाट्या रंगवल्या. सगळा भाग मला पेंटर म्हणूनच ओळखतो. छापील बोर्ड आले म्हणून दुकान बंद केलं, हात थकला म्हणून नव्हे. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

सूनबाई म्हणाली, बाबा, माझी एक मैत्रीण आहे, तिला विचारते. मी म्हटलं, घरात कलाकार असताना बाहेरचं माणूस कशाला. ही कांदा चिरत होती, काही बोलली नाही. हिचं न बोलणं म्हणजे होकार, हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

५ ऑक्टोबर, दुपार

सूनबाईने धडा दिला. आयसिंग म्हणजे दळलेली साखर आणि अंड्याचा पांढरा भाग. घट्ट आयसिंगने कुकीच्या कडेने बांध घालायचा. पातळ आयसिंग बांधाच्या आत सोडायचं, ते आपलं आपण पसरतं. हा झाला बेस. तो पक्का सुकला की वर बारीक नोझलने रेघा : डोळे, पंख, पानांच्या शिरा. म्हणजे पहिला हात, दुसरा हात आणि मग अक्षर. यात मला शिकवण्यासारखं काय आहे. तरी मान डोलावत ऐकलं. तिला बरं वाटतं.

आयसिंग भरलेली पिशवी दाबून नोझलने रेघ काढणं मात्र पटलं नाही. टूथपेस्ट काढल्यासारखं वाटतं. ब्रश तो ब्रश. माळ्यावरून माझे जुने ब्रश काढले. नवरदेवासारखे उजळले.

६ ऑक्टोबर

टर्पेंटाइन. ब्रश तीनदा धुतले होते, तरी.

चिरंजीव बाहेरगावी नोकरीला, सुट्टीला आले होते. एक कुकी खाल्ली आणि म्हणाले, बाबा, घराचं दार चाटल्यासारखं वाटतंय. बाप धडपडतोय आणि मुलाला विनोद सुचतात.

संकल्प : यापुढे पिशवी.

८ ऑक्टोबर

पाटी कशाने वाळते? उन्हाने. एवढी साधी गोष्ट सूनबाईला सुचली नव्हती. ट्रे गच्चीवर नेले. दुपारी बघतो तर कुकीतलं लोणी वर आलेलं. पांढऱ्या आयसिंगवर तेलकट डाग, भिंतीला ओल आल्यासारखे. मुंग्यांची रांग तेवढी सरळ.

सूनबाई म्हणाली, बाबा, पंखा. फक्त पंखा. ही म्हणाली की जाताना दोन चादरी तरी न्यायच्या होत्या, एवढं ऊन वाया गेलं.

१० ऑक्टोबर, संध्याकाळ

पहिली खरी ऑर्डर. कुणाच्या बाळाचा पहिला वाढदिवस, पिवळी बदकं. बेस झकास बसले. रेघांचं काही खरं नाही.

टेबल हलतं. डावा पाय आखूड आहे. पुठ्ठ्याची घडी घातली. पंखा बंद केला. फ्रिजची थरथर फरशीतून येते, म्हणून फ्रिज बंद केला. पुन्हा चालू करायचा राहिला, दूध गेलं. सकाळचा चहाही कडक होता, त्याने कुणाचाही हात हलेल. हल्ली कपसुद्धा उथळ येतात, बशीत सांडतंच.

बदकांना सगळीकडून वारा लागल्यासारखं दिसतंय. एका बदकाला भुवई आली.

सूनबाईने ट्रेकडे बघितलं, मग हिच्याकडे. ही माझ्याकडे बघत होती. मग सूनबाई म्हणाली, छान आहेत हो बाबा, दमलात, झोपा जाऊन. उद्या सकाळी गिऱ्हाईक येणार. तोंड कसं दाखवायचं कळत नाही. नेहमीची गोळी घेऊन लवकर आडवा होतो.

११ ऑक्टोबर, सकाळ

शोध लागला.

ट्रे उघडला तर बदकं सरळ. भुवई गायब. पंख असे रेखीव की मीच दोन पावलं मागे सरलो. बराच विचार केला. कारण असं असणार : ओलं आयसिंग सैल असतं. सुकताना आकसतं. आकसताना रेघ दोरीसारखी ताणली जाते आणि सरळ होते. आयसिंग सुकलं की रेघ बसते. संध्याकाळी घाबरून जायचं कारण नसतं.

सूनबाईला समजावून सांगितलं. ती खाली बघत ऐकत होती. चार वर्षं काम करून हे कळलं नाही, याची लाज वाटली असेल. ही म्हणाली की तुम्ही म्हणता तर बसत असेल. हिचे डोळे लाल होते. डास फार होते म्हणे. मला एकही चावला नाही.

दाढी करताना शीळ वाजवली. किती दिवसांनी. ही दारात उभी राहून ऐकत होती. विचारलं काय झालं, तर म्हणाली काही नाही, वाजवा.

१४ ऑक्टोबर

निवृत्तीचा समारंभ. कुकीवर घड्याळ, काटे, बारा आकडे. आकडे म्हणजे माझा हातखंडा. संध्याकाळी सात एकच्या आकड्यासारखा वाटत होता, आठ गडगडला होता. मी चिंता केली नाही. सकाळी सगळे जागच्या जागी.

एक गोष्ट टिपून ठेवण्यासारखी. माझ्या रेघेला हल्ली शेवटी एक बारीकसा वळसा येतो. आकडीसारखा. पूर्वी कधी नव्हता. या वयातही शैली वाढते. हिला मुद्दाम दाखवला. ही उशीच्या अभ्र्याला इस्त्री करत होती. बघून न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाली, असेल. कलेतलं हिला कळत नाही. रिकामपणी अभ्र्यांवर फुलं भरते, तेवढंच.

१७ ऑक्टोबर

सूनबाईची मैत्रीण आली होती. हसतमुख मुलगी, हात चांगला असेल. सूनबाई चाचरत म्हणाली, बाबा, लग्नाची ऑर्डर मोठी आहे, बर्फाचे कण ही करेल, तुम्ही बाकीचं करा. मी मैत्रिणीला चहा दिला, माझा सिद्धान्त समजावला आणि सांगितलं की वेळ पडली तर कळवू. तिने सूनबाईकडे असं बघितलं जसं दवाखान्यात नातेवाईक एकमेकांकडे बघतात. चहा अर्धा ठेवून गेली.

संध्याकाळी सूनबाई हिला म्हणत होती, आई, किती दिवस असं. पुढचं ऐकू आलं नाही. प्लास्टर खाजत असणार. उद्या विणकामाची सुई देतो, खाजवायला.

२० ऑक्टोबर

विलक्षण प्रसंग.

दुकानवाल्या बाई नमुने बघायला स्वतः घरी आल्या. उंच, मोजकं बोलणाऱ्या. वसंताची फुलं, उन्हाळ्याचे सूर्य बघितले. उचलून, तिरपे धरून, खालून सुद्धा. म्हणाल्या, सुरेख. सूनबाईच्या चेहऱ्यावर रंग आला.

मग म्हणाल्या, काका, माझ्यासमोर एक फूल काढता का, मला बघायला आवडेल.

काढता का म्हणजे काय. बसलो. पाट्यांच्या वेळची हात टेकवायची काठी घेतली. बांधाची पहिली पाकळी सुरू केली. टेबल नेमकं तेव्हा हलायला लागलं. पाकळी बटाट्यासारखी झाली. मी म्हटलं, काळजी करू नका, सुकल्यावर बसते. बाई पुढे वाकल्या. आणि त्याच क्षणी ही चहाचा ट्रे घेऊन आली आणि अख्खा कप त्या कुकीवर सांडला.

लग्न झाल्यापासून हिच्या हातून कधी थेंब सांडला नाही. आणि आज, या वेळी. मी चिडलो. हिने माफी मागितली, फडकं घेऊन कुकी उचलून नेली. सूनबाईने बाईंना बोलण्यात गुंतवलं. बाई जाताना दारात थांबल्या, हिच्या हाताकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. नमुना सुंदर आहे, म्हणाल्या, एकाच हाताचं काम असावं अशी माझी अट आहे.

मी म्हटलं, एकाच हाताचं आहे.

२३ ऑक्टोबर

हिचं वय झालं. दुपारी खुर्चीतच झोपते. काल भाजीत मीठ दोनदा, आज अजिबात नाही. जेवताना घास हातात धरून डुलकी. मी म्हटलं, जरा व्यायाम कर, माझ्याकडे बघ. ही हसली. झोपेत हसली की जागेपणी, सांगता येत नाही.

२५ ऑक्टोबर

शरदाची पानं. काल रंग मी मिसळले आणि आज पहिल्यांदा सूनबाई न मागता बोलली. लाल करायला लाल ओतत बसलं तर सुकल्यावर काळपट होतं. मी लालमध्ये थोडा पिवळा, कणभर तपकिरी टाकला आणि अर्ध्यावर थांबलो. म्हटलं, उरलेलं सुकताना येईल. सकाळी आलं. गळायच्या आधी पान जसं होतं तसं. सूनबाई म्हणाली, बाबा, हा रंग मला कधी जमला नाही. हिनेही चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, रंग तुमचाच.

तुमचाच यावर जोर का दिला, कळलं नाही. पण गोड वाटलं.

आता फक्त हिवाळा. निळा बेस, वर पांढरा बर्फाचा कण. सहा काड्या, प्रत्येक काडीला फांद्या. केसासारखी रेघ.

२८ ऑक्टोबर

लिहावं की नाही, कळत नव्हतं. पण खरं लिहायचं ठरलंय.

ही चोरून आयसिंग खाते.

पुरावे : एक, संध्याकाळी झाकून ठेवलेलं भांडं सकाळी खाली गेलेलं असतं. दोन, काल मी निळे बांध घातले आणि आज हिच्या उजव्या बोटांना निळा रंग होता. तीन, हिचा वाचायचा चष्मा मागच्या खोलीत साखरेच्या डब्यामागे सापडला. चष्मा लावून खाते, म्हणजे मन लावून खाते. चार, दिवसभराची ती झोप. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलंय की साखर वाढलीय, गोड बंद.

म्हणजे माझ्या कलेपायी माझीच बायको आजारी पडायची. जेवण गेलं नाही. एवढी वर्षं संसार केला, मागून काही घेतलं नाही कधी, आणि आता गोडासाठी अंधारात चाचपडत जाते. बोलून दाखवलं तर शरमेने खचेल. बोलायचं नाही. बंदोबस्त करायचा.

२९ ऑक्टोबर

निळे बेस झाले. आरशासारखे. सुकतायत.

सूनबाईला एकांतात हिच्याबद्दल सांगितलं. आईंवर लक्ष ठेव, साखर खातायत. सूनबाईने प्लास्टरचा हात कपाळावर मारून घेतला. फार लागलं तिच्या मनाला. म्हणाली, बाबा, तसं नाहीये, मी तुम्हाला एक सांगू का. तेवढ्यात हिने स्वयंपाकघरातून हाक मारली आणि सूनबाई गेली ती परत आलीच नाही.

बाजारातून कुलूप आणलं.

३१ ऑक्टोबर, संध्याकाळ

बर्फाचे कण झाले. सकाळपासून एका बैठकीत. मान गेली, पाठ गेली. आजच्यासारखं टेबल कधीच हललं नव्हतं. सगळे पुठ्ठे संपले. काठी धरायला डावा हात, तोही आता उजव्याची नक्कल करतो. काड्या कशाही गेल्यात, फांद्या एकमेकींत अडकल्यात. काही कण कोळ्यासारखे दिसतात. दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर धीर सुटला असता. मला माहीत आहे की सकाळी बसतील.

खोलीला कुलूप लावलं. किल्ली खिशात.

३१ ऑक्टोबर, जेवणानंतर

कुलूप बघून हिचा चेहरा पार उतरला. पण मन घट्ट केलं.

ही म्हणाली, शिवणाचा डबा मागच्या खोलीत राहिलाय. मी म्हटलं, बस तू, मी आणतो. आणला. कुलूप लावलं.

थोड्या वेळाने म्हणाली की ओव्हन चालू राहिल्यासारखा वास येतोय, जरा बघून येते. मी गेलो, बघितलं, बंद होता. कुलूप लावलं.

मग म्हणाली की खिडकी उघडी असेल, मांजर शिरेल. खिडकी बंद होती. पुन्हा तपासून आलो. हिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, तुला माझी काळजी वाटते ना, तशीच मला तुझी वाटते. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. बरोबर ठिकाणी लागलं.

दिवाणावर सूनबाई आणि ही दोघी बसल्यात, कुणी गेल्यासारख्या. मला म्हणाल्या, किल्ली द्या, सकाळी लवकर उठून डबे भरू. मी हसलो. किल्ली उशीखाली ठेवून गोळी घेतली.

उद्या सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतील.

१ नोव्हेंबर, सकाळी ६

कुलूप उघडलं. बसल्या नाहीत.

६.२०

अजून सुकायच्या असतील. पंखा मोठा केला. उभा राहून बघतोय.

६.४५

हवा दमट आहे. साखरही या खेपेची बरोबर नव्हती, तरी मी साखरवाल्याला म्हटलं होतं. निळ्या रंगात काही गडबड असेल. निळा पांढऱ्याला धरू देत नसेल.

७

बोट लावून बघितलं. दगडासारखं सुकलंय. रेघ काल जिथे वाकडी होती तिथे तशीच वाकडी आहे. एकही नाही. एवढ्या ट्रेमध्ये एकही नाही.

हिवाळा आहे, कुडकुडलेला दिसला तर चालेल का. नाही चालणार. बाई तिरपं धरून बघतात.

सूनबाईचा कोपरा गेला. माझ्यामुळे गेला. ती अजून उठलेली नाही. कसं सांगू.

७.१५

खोलीत येऊन पलंगावर बसलो. उशी तशीच पडली होती, किल्ली जिथून काढली तिथून उचललेली. उशीवर हिने भरलेला अभ्रा. त्यावर फूल. पाच पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या रेघेला शेवटी एक बारीकसा वळसा.

आकडीसारखा.

हा अभ्रा कधीचा आहे, आठवत नाही. मी त्यावर डोकं ठेवून झोपत आलोय.

बोटांना निळा. डब्यामागे चष्मा. भाजीत दोनदा मीठ. ही साखर खात नव्हती.

माझा हात समोर धरून बघितला. इथे टेबल नव्हतं. फ्रिजही नव्हता.

७.३०

ही स्वयंपाकघरात चहा गाळत होती. मी किल्ली ओट्यावर ठेवली. म्हणायचं दुसरंच होतं. म्हटलं, आज हवेत दमटपणा फार आहे.

ती म्हणाली, हो, फार आहे.

गाळणं तसंच ठेवलं, पदराला हात पुसले, चष्मा आणि शिवणाचा डबा घेतला आणि मागच्या खोलीत गेली. मी मागोमाग.

१ नोव्हेंबर, रात्री

आता सविस्तर.

पहिल्यांदा दिवसाउजेडी बघितलं ती कसं करते. शिवणाच्या डब्यातली जाड सुई. सुकलेल्या रेघेखाली टोक घालते, हलकेच उचकते, रेघ टवका उडावा तशी निघते, खालचा निळा तसाच राहतो. कोरड्या ब्रशने झटकते. मग पिशवी घेते आणि टाका घालावा तशी काडी घालते. श्वास सोडते तेव्हा रेघ संपते, म्हणून तो वळसा.

माझे एवढे कष्ट सुईच्या टोकावर निघत होते. बघवत नव्हतं आणि तिथून हलवतही नव्हतं.

सूनबाई उठून दारात आली. कुलूप, मी, ही, सगळं एका नजरेत घेतलं. डाव्या हाताने ट्रे धरून बसली. मी आयसिंग घोटलं, पातळ-घट्ट करून पिशव्या भरून देत राहिलो. पिशवी तोंडाशी बांधताना गाठ सुटायची. पुन्हा बांधायचो.

विचारलं, कधीपासून. ही मान वर न करता म्हणाली, बदकांपासून. मी म्हटलं, तसं नाही. हाताचं कधीपासून कळलं. ही म्हणाली, औषधवाल्याच्या पाटीपासून.

ती माझी शेवटची पाटी. वर्षभरात त्याने छापील लावली. लोकांना लहरदार अक्षर कळत नाही, असं मी घरी येऊन सांगितलं होतं. ही तेव्हाही म्हणाली होती, असेल.

मग सांगितलं का नाहीस, विचारलं. ही म्हणाली, तुम्ही शीळ वाजवत होता.

सूनबाईने नाक ओढलं आणि म्हणाली, आई, डोळ्यांतलं पाणी निळ्यावर पडू देऊ नका, डाग पडतो.

दुपारपर्यंत निम्मेच झाले. दुकानवाल्या बाई स्वतः गाडी घेऊन आल्या. फुलं, सूर्य, पानं मोजून घेतली. पानांपाशी थांबल्या. मग हिवाळ्याचा अर्धा डबा उघडला. म्हणाल्या, कमी आहेत. सूनबाईचा चेहरा पांढरा. बाईंनी एक कण तिरपा धरला, खालून बघितला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, एकाच हाताचं म्हणाला होतात. कुणाचा.

सूनबाईने माझ्याकडे बघितलं. ही चष्मा पुसायला लागली. मला वाटतं, मी ‘माझा’ म्हटलं असतं तर त्या दोघी गप्प राहिल्या असत्या.

मी म्हटलं, हिचा. पहिल्या बदकापासून सगळ्या रेघा हिच्या.

आणि हे रंग, बाईंनी विचारलं. ही लगेच म्हणाली, ते यांचे. पानं बघा ना, पानांचा रंग यांचा. एवढं घाईने ही कधी बोलत नाही.

बाई म्हणाल्या, चहा सांडला तेव्हाच मला शंका आली होती, एवढ्या नेमाने चहा कुणी सांडत नाही. मग म्हणाल्या की हिवाळा प्रत्येकाला मिळणार नाही, फक्त नवरा-नवरीच्या टेबलावर जाईल, उरलेल्यांना तीन ऋतूंत भागवावं लागेल. आणि कोपरा सूनबाईला, पण वर्षाचा नाही. वसंतापर्यंत. काम बघून पुढचं. एक अट. कोण काय करतं, ते मला खरं सांगायचं.

अर्धा कोपरा म्हणायचा. माझ्या कुलपाने पुरता गेला असता.

राहिलेले कण ताटलीत आहेत, माझे. कुणी फेकायला तयार नाही. सूनबाई म्हणाली, बाबा, मी खाईन, मला आवडतात. एक खाल्ला. मी म्हटलं, हिला देऊ नकोस, हिची साखर. तिघंही हसलो. मी सगळ्यात उशिरा.

३ नोव्हेंबर

हातासाठी डॉक्टरांकडे. म्हणाले, बरंच आधी यायला हवं होतं. गोळ्या दिल्या. फरक पडेल, थोडा. मी म्हटलं, थोडा म्हणजे किती. त्यांनी छापील बोर्डासारखं हसून दाखवलं.

दाढी हिने करून दिली. गालावर ब्लेड ठेवताना हिचा श्वास ऐकू येत होता. सोडला की रेघ संपते.

१८ नोव्हेंबर

सूनबाईचं प्लास्टर निघालं. हात बारीक झालाय, पण आपला वाटतो. उद्यापासून दुकानातला कोपरा. रेघा हिच्या आणि सूनबाईच्या, रंग माझे, आणि डबे बांधणं माझं. रिबन. संकल्प : रिबनमध्ये काहीतरी वेगळं करून दाखवायचं. दुहेरी फूल, टोकं कात्रीने कातरलेली. पाटीच्या अक्षरासारखं.

संध्याकाळी उद्याचे सगळे डबे बांधून झाले. दुहेरी फूल पहिल्या डब्यावर जरा जमलं. बाकीच्यांवर गाठी सैल राहिल्यात, काही डबे उचलले की रिबन हातात येते. रिबनचा दर्जा हल्ली राहिलेला नाही, फार गुळगुळीत येते.

हिला दाखवलं. ही म्हणाली, राहू द्या, रात्रीतून बसते.

बरं म्हटलं. कुलूप काढून ठेवलं आणि किल्ली हिच्या शिवणाच्या डब्यात टाकली.